हिशेबनीस व्हायला अमेरिकेला

मंडळी, हिशेब कोणाला चुकला आहे? बाजारला जाताना किती नेले आणि येताना किती उरले, हे आपण बोटांवर मोजतोच. डेअरीला दूध घालणारा आपले पुस्तक दर दहा दिवसांनी पाहतो. बचत गटातली बाई कोणाची वर्गणी आली, कोणाची राहिली, ते वहीत मांडते. हेच काम मोठ्या कारखान्यात आणि बँकेतही चालते. तिथे आकडे मोठे असतात. हिशेब चुकला तर हजारो माणसे बुडतात.

हे काम शिकायला आपल्याकडची मुले हल्ली अमेरिकेत जातात. माझा एक विद्यार्थी असाच गेला होता. तो कसा गेला, काय शिकला, काय मिळवले आणि काय हातचे गेले, ते या धड्यात सांगतो. त्याची आई मला म्हणाली, "गुरुजी, नाव घालू नका. पण खरं ते सगळं लिहा. दुसऱ्याच्या पोराला उपयोगी पडेल." म्हणून नाव घातलेले नाही.

हिशेबतपासनीस म्हणजे कोण?

रोजचा व्यवहार ज्या वहीत लिहितात ती कीर्द. कीर्दीवरून एकेका खात्याचा हिशेब वेगळा मांडतात ती खतावणी. वर्षाच्या शेवटी आपले काय आहे आणि देणे किती आहे, हे समोरासमोर मांडतात तो ताळेबंद. प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायचा, म्हणजे चूक लपत नाही. ही रीत छापील पुस्तकात प्रथम समजावून दिली ती इटलीतील लुका पाचोली या गणित शिकवणाऱ्या साधूने. ते पुस्तक १४९४ साली व्हेनिस शहरात छापले गेले.

हिशेब लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, असे का? कारण लिहिणाराच खोटे लिहू लागला तर त्याला पकडणार कोण? अमेरिकेत एन्रॉन नावाची फार मोठी कंपनी होती. तिने कर्ज लपवले आणि नफा फुगवून दाखवला. तपासणाऱ्यांनीही डोळेझाक केली. २००१ च्या डिसेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. कामगारांची म्हातारपणासाठी ठेवलेली पुंजी त्यात बुडाली. त्यानंतर २००२ साली तिथे हिशेबतपासणीचा कडक कायदा झाला. आपल्या देशातही २००९ च्या जानेवारीत हैदराबादच्या सत्यम कंपनीचे खोटे हिशेब उघडे पडले.

तेव्हा हे काम विश्वासाचे आहे. ते ज्याला त्याला करता येत नाही. त्याला परवाना लागतो. आपल्याकडे असा परवाना घेतलेल्या माणसाला सी. ए. म्हणतात. त्यासाठी १९४९ साली कायदा झाला. अमेरिकेत त्याला सी. पी. ए. म्हणतात. तिथला पहिला कायदा न्यू यॉर्क राज्याने १८९६ साली केला. तिथे प्रत्येक राज्य आपापला परवाना देते.

घरातली तयारी

माझा हा विद्यार्थी आकड्यांत लहानपणापासून हुशार. बाप लवकर गेला. आईने दोन एकर कोरडवाहू आणि शिवणयंत्र यांवर संसार ओढला. मुलाने तालुक्याला बी. कॉम. केले, मग एम. कॉम. केले. पुढे अमेरिकेत जाऊन हिशेबशास्त्राची आणखी एक पदवी घ्यायची, असे त्याच्या मनाने घेतले.

ओहायो राज्यातल्या एका विद्यापीठाने त्याला घेतले. तीन सत्रांचा अभ्यास, म्हणजे साधारण दीड वर्ष. खर्चापुरता पैसा आहे हे आधी दाखवावे लागते, तेव्हा विद्यापीठाचा कागद मिळतो. तो कागद घेऊन मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत द्यायची. मग शिकण्यापुरता परवाना मिळतो. त्याला एफ-वन व्हिसा म्हणतात.

बँकेने २८ लाख रुपये कर्ज मंजूर केले. मामाने तालुक्यातले आपले घर तारण दिले. कागदावर आईचीही निशाणी लागली. तिला तेव्हा लिहिता येत नव्हते. तिने अंगठा उठवला.

मी तिला विचारले होते, "ताई, कागदात काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं का?"

ती म्हणाली, "साहेब म्हणाले, पोराला नोकरी लागली की हप्ते सुरू होतील. तवर काळजी नाही."

मलाही तो कागद मागून वाचता आला असता. मी वाचला नाही. ही माझी चूक.

ज्या एजंटाने अर्ज भरले, तो म्हणाला होता, "शिकून झाल्यावर तीन वर्षं तिथं नोकरी करता येते. पहिल्या वर्षातच कर्ज फिटतं." या वाक्यातली गोम पुढे कळेल.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मुलगा विमानात बसला. तेव्हा एका डॉलरला सुमारे ७४ रुपये पडत होते.

तिथले शिकणे

तिथे अभ्यास श्रेयांकांत मोजतात. सी. पी. ए. चा परवाना मिळवायचा तर १५० श्रेयांक लागत. आपल्याकडचे बी. कॉम. तीन वर्षांचे. ते तिथे पुरे धरत नाहीत. याचे बी. कॉम. आणि एम. कॉम. मिळून १२० धरले गेले. तिथल्या पदवीचे ३० मिळाले. तेव्हा बेरीज १५० झाली. (आता काही राज्ये नियम सैल करीत आहेत. ओहायोने २०२५ च्या जानेवारीत कायदा केला. साधी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, असाही मार्ग त्याने मोकळा केला.)

शिकत असताना बाहेर नोकरी सहसा करता येत नाही. विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. याने भोजनगृहात ताटे धुतली, पुढे ग्रंथालयात पुस्तके लावली. त्यातून किराणा निघे. फी निघत नसे.

पहिल्या हिवाळ्यात त्याने फोन केला. म्हणाला, "गुरुजी, बर्फ गुडघ्याएवढा पडलाय. पण वर्गात तुमची आठवण येते. तुम्ही सोसायटीच्या गोदामातली खताची पोती मोजायला लावायचा आणि मग वहीशी ताळा घ्यायला सांगायचा. इथंही तेच शिकवतात."

हे ऐकून मला बरे वाटले, हे कबूल करतो.

चार पेपर

२०२२ च्या डिसेंबरात पदवी मिळाली. २०२३ च्या जानेवारीत एका हिशेबतपासनीस पेढीत नोकरी लागली. पहिल्या आठवड्यातच त्याला एका गोदामात पाठवले. काम काय, तर खोकी मोजणे. वहीत ४१२ खोकी होती. मोजून भरली ३९७. त्याने दोनदा मोजली, आकडा लिहिला, खाली सही केली. गोदामवाला म्हणाला, "पंधरा खोक्यांनी काय होतंय?" याने उत्तर दिले, "काय होतं ते मालक ठरवील. मी मोजली तेवढीच लिहीन." १५ खोकी फुटून फेकून दिली होती आणि वहीत कमी करायची राहिली होती, असे पुढे निघाले. चोरी नव्हती. पण मोजल्याशिवाय ते कळले नसते.

जानेवारी ते १५ एप्रिल हा तिथे आयकराचा हंगाम. आपली सुगी असते तसा. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत काम. त्यातून उरलेल्या वेळात सी. पी. ए. चा अभ्यास. परीक्षेचे चार पेपर असतात. प्रत्येक पेपर चार तासांचा. उत्तीर्ण व्हायला ७५ गुण लागतात. एका पेपरात याला ७१ पडले. पुन्हा फी भरली, पुन्हा बसला. २०२३ च्या ऑक्टोबरात चौथा पेपर सुटला. (२०२४ च्या जानेवारीपासून तीन पेपर सक्तीचे आहेत आणि चौथा विषय तिघांतून निवडायचा असतो.)

एवढ्याने परवाना मिळत नाही. परवाना असलेल्या माणसाच्या हाताखाली एक वर्ष काम करावे लागते. तेही त्याने केले.

दुसरा दरवाजा

आता नीट लक्ष द्या. इथपर्यंतचा दरवाजा विद्येचा. तो मेहनतीने उघडतो. पण दुसरा एक दरवाजा आहे. तो परवानगीचा. परक्या देशात राहून काम करायला त्या देशाची परवानगी लागते. ती मेहनतीवर मिळत नाही.

शिकून झाल्यावर परदेशी विद्यार्थ्याला तिथे १२ महिने नोकरी करता येते. त्याला ओ. पी. टी. म्हणतात. या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त रिकामे बसता येत नाही. विज्ञान, यंत्रविद्या, गणित अशा विषयांची पदवी असेल, तर आणखी २४ महिने मिळू शकतात. म्हणजे एकूण तीन वर्षे.

इथेच गोम होती. साधे हिशेबशास्त्र त्या विषयांच्या यादीत नाही. काही विद्यापीठे हिशेबशास्त्राबरोबर आकडेशास्त्र आणि संगणकाचा भाग शिकवतात. अशी पदवी यादीत बसू शकते. दोन विद्यापीठे, पदवीचे नाव जवळपास एकच. एकीला तीन वर्षे, दुसरीला एक. फरक कागदावरच्या सहा आकड्यांच्या विषयक्रमांकात असतो. एजंटाने तो पाहिला नव्हता. मुलानेही पाहिला नव्हता. याची पदवी साध्या हिशेबशास्त्राची होती. त्याला एकच वर्ष मिळाले.

वर्षानंतर राहायचे तर एच-वन-बी नावाचा परवाना हवा. तो मालकाने मागायचा असतो. दर वर्षी असे ६५ हजार परवाने, आणि अमेरिकेत वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. मागणारे फार. २०२३ च्या मार्चमध्ये ७ लाख ८० हजारांवर नोंदी आल्या. भिशीत चिठ्ठी काढतात तशी संगणकाने चिठ्ठी काढली. याची निघाली नाही. जुलैच्या शेवटी आणखी काही नावे काढली. त्यातही नाव नव्हते.

२०२४ च्या जानेवारीत त्याचे वर्ष संपले. सामान आवरून निघायला ६० दिवस मिळतात. फेब्रुवारीत सी. पी. ए. चा परवाना टपालाने हाती आला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो परवाना पिशवीत घालून मुलगा मुंबईला उतरला.

पेपर सुटले होते. अनुभव झाला होता. परवाना मिळाला होता. पण त्या देशात काम करायची मुभा उरली नव्हती.

कर्जाचा ताळेबंद

मुलगा गेल्यावर आईने गावातल्या साक्षरता वर्गात नाव घातले. "त्याचं पत्र मला वाचता आलं पाहिजे," एवढेच तिचे म्हणणे. वर्षभरात ती अडखळत वाचू लागली. तिने स्वतः वाचलेला पहिला मोठा कागद म्हणजे तो बँकेचा कागद. एक संध्याकाळ ती तो घेऊन माझ्या ओसरीवर आली आणि दोन ओळींवर बोट ठेवले.

"गुरुजी, इथं लिहिलंय, व्याज पहिल्या दिवसापासून. आणि इथं माझ्या नावापुढं 'सहकर्जदार'. म्हणजे काय?"

मी सांगितले, "म्हणजे त्यानं फेडलं नाही, तर तुम्ही फेडायचं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग पाटी द्या. किती होतं ते मांडू."

आम्ही मांडले ते असे. व्याजाचा दर शेकडा १०.

घेतलेले कर्ज: २८ लाख.
शिकण्याच्या काळातले व्याज धरून: सुमारे ३१ लाख.
नोकरीच्या वर्षाचे व्याज: सुमारे अडीच लाख.
मुलाने दरमहा १,४०० डॉलर पाठवले. तेव्हा डॉलरला ८२ रुपयांच्या आसपास पडत. म्हणजे महिना सुमारे १ लाख १५ हजार. वर्षाचे पावणेचौदा लाख.
उरलेले देणे: सुमारे पावणेवीस लाख.

एका वर्षात त्याने पावणेचौदा लाख फेडले, ही लहान गोष्ट नाही. पण एजंट म्हणाला होता तसे पहिल्या वर्षात कर्ज फिटले नाही. नोकरी मुळीच लागली नसती, तर ३१ लाखांचे नुसते व्याज महिना २५ हजारांच्या वर होते. ते शिवणयंत्रावर निघाले नसते. मामाचे घर गेले असते.

मग पुढे काय झाले?

मुलगा महिनाभर घरात गप्प बसला. लोक विचारीत, "काय रे, हाकललं का?" हे ऐकून तो मळ्यात निघून जाई. मी त्याला बोलावून सांगितले, "बाळ, तू नापास झाला नाहीस. तुझी चिठ्ठी निघाली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकाच खात्यावर लिहू नकोस."

अमेरिकेत हिशेबनीसांची टंचाई आहे. म्हणून तिथल्या पुष्कळ पेढ्यांनी आपले काम हैदराबाद, बंगळूर, मुंबई, पुणे अशा शहरांत आणले आहे. त्यांना अमेरिकेचा कायदा जाणणारी माणसे हवी असतात. मे महिन्यात याला पुण्याला नोकरी लागली. पगार महिना ७० हजार. कामाची वेळ उलटी. ओहायोत सकाळचे ९ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि थंडीत साडेसात. तो रात्री जागतो आणि दिवसा झोपतो.

बँकेने उरलेल्या कर्जाचे सात वर्षांचे हप्ते बांधून दिले. महिना सुमारे ३३ हजार. २०३१ साली कर्ज फिटेल. तोवर मामाचे घर तारणातच आहे. मामा बोलून दाखवीत नाही. पण दर महिन्याच्या पाच तारखेला "हप्ता गेला का रे?" म्हणून फोन करतो.

मुलगा आज हिशेबनीस आहे. चांगला आहे. मनात धरलेल्या ठिकाणी नाही.

जाण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतली एक मुलगी याच शिक्षणासाठी निघाली. तिचा बाप सल्ल्याला माझ्याकडे आला. मी त्याला या ताईकडे पाठवले. तिने त्याला पाच प्रश्न लिहून दिले. अक्षर वेडेवाकडे आहे. पण प्रश्न सरळ आहेत.

१. कागद कोणी वाचला? एजंटाने सांगितले म्हणून सही करू नका. स्वतः वाचा, किंवा ज्याला यात काही मिळायचे नाही अशा माणसाकडून वाचून घ्या.

२. पदवीनंतर किती महिने काम करता येईल? बारा की छत्तीस? विषयक्रमांक विद्यापीठाला पत्र लिहून विचारा. उत्तर लेखी घ्या.

३. परतावे लागले तर इथल्या पगारात हप्ता भरेल का? हप्ता मांडताना डॉलर धरू नका. रुपया धरा.

४. तारण कोणाचे? ते गेले तर कोण उघड्यावर पडेल?

५. हेच इथे राहून शिकता येईल का? आपली सी. ए. ची परीक्षा कठीण आहे, पण तिचा खर्च त्या मानाने फार थोडा. सी. पी. ए. चे पेपरही २०२० पासून भारतात देता येतात.

शिवाय नियम बदलतात. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी हुकूम काढला. एच-वन-बी परवान्यावर परदेशातून नवा माणूस आणायचा तर मालकाने १ लाख डॉलर भरावेत. त्याच वर्षाच्या शेवटी, ज्या जागेचा पगार वरचा तिला निवडीत जास्त संधी, असेही ठरले. म्हणून निघायच्या वर्षाचा नियम पाहावा. मागच्या वर्षी कोणाचे काय झाले, त्यावर जाऊ नये.

त्या मुलीच्या बापाने पाचही प्रश्न विचारले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी आले, ते "बारा महिने" असे. मुलीने ते विद्यापीठ सोडले. सध्या ती इथेच सी. ए. ची पहिली परीक्षा देते आहे. पुढे जाईलही. कर्ज मात्र अजून एक रुपया काढलेले नाही.

शिकायला जरूर जावे. परका देश पाहावा, चांगली रीत उचलावी. मेहनतीचा दरवाजा कोणीही उघडू शकतो. परवानगीचा दरवाजा आपल्या हातात नाही. म्हणून कर्ज काढताना तो बंद आहे असे समजूनच हिशेब मांडावा. उघडला तर आनंदच आहे.

शब्दांचे अर्थ

कीर्द: रोजच्या व्यवहाराची वही.
खतावणी: खातेवार हिशेबाची वही.
ताळेबंद: आपले काय आहे आणि देणे किती, याचा तक्ता.
तारण: कर्जासाठी अडकवलेली मालमत्ता.
सहकर्जदार: कर्ज फेडण्यास बरोबरीने बांधलेला माणूस.
श्रेयांक: अभ्यास मोजण्याचे माप.

प्रश्न

१. गोदामातल्या १५ खोक्यांचे काय झाले होते? मोजणी केली नसती तर काय झाले असते?
२. विद्येचा दरवाजा आणि परवानगीचा दरवाजा, यांत फरक काय?
३. आईने कागदातल्या कोणत्या दोन ओळी शोधल्या?
४. ५० हजार रुपये कर्ज, व्याज शेकडा १०. एका वर्षाचे व्याज किती? एका महिन्याचे सुमारे किती?

एवढे करा

आपल्या घरात कर्जाचा किंवा जामिनाचा एखादा कागद असेल. आज रात्री तो काढा. व्याजाचा दर कोठे लिहिला आहे, आणि आपले नाव कोणत्या शब्दापुढे लिहिले आहे, ते शोधा. सापडले नाही, तर कागद घेऊन वर्गाला या. सगळे मिळून वाचू.